पुस्तके मुदतीत परत यावीत यासाठी

विलंबशुल्क आकारण्याआधी ग्रंथपालाने परतीची तारीख सभासदाच्या नजरेसमोर राहील अशी व्यवस्था करावी: पुस्तकातील तारीखपत्रिकेवर ठसठशीत शिक्का मारावा आणि मोबाइलवरचा स्मरणसंदेश मुदत संपल्यावर नव्हे, तर दोन दिवस आधी पाठवावा. त्या पुस्तकासाठी दुसऱ्या कोणी मागणी नोंदवली नसेल, तर मुदत खुशाल वाढवून द्यावी. दंड ठेवायचाच असेल, तर त्याला कमाल मर्यादा असावी. अन्यथा साचलेल्या रकमेच्या धास्तीने सभासद ग्रंथालयाची पायरी चढणेच सोडतो, आणि पुस्तक गमावण्यापेक्षा दंडावर पाणी सोडणे केव्हाही परवडते. शिकागो सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये विलंबशुल्क रद्द केल्यावर पुस्तके परत येण्याचे प्रमाण वाढले. हरवलेल्या पुस्तकाची किंमत मात्र जरूर वसूल करावी.