गॅस्ट्रिनचा आकडा एकटा वाचू नका

उपाशीपोटी रक्तातले गॅस्ट्रिन (जठराला आम्ल सोडायला लावणारे हार्मोन) वाढलेले दिसले की लगेच गॅस्ट्रिनोमाची, म्हणजे गॅस्ट्रिन सोडत राहणाऱ्या गाठीची, शंका येते. त्या गाठीमुळे आम्लही वाढते. पण जठरातले आम्ल घटले की तिथल्या गॅस्ट्रिन बनवणाऱ्या ‘जी’ (G) पेशीही ते जास्त सोडतात. म्हणजे आम्ल उतू जात असतानाही आकडा वाढतो आणि आम्ल जवळजवळ नसतानाही. म्हणून त्याच वेळी जठररसाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) तपासायलाच हवा.

बहुतेक घोळ तयारीत होतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनीही गॅस्ट्रिन वाढते. त्या साधारण 7 दिवस आधी थांबवून मधल्या काळात फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारे दुसरे औषध देतात. तेही चाचणीच्या 24 ते 48 तास आधी बंद करतात. मात्र गॅस्ट्रिनोमा खरोखरच असेल तर गोळ्या बंद होताच व्रणातून रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला छिद्रही पडू शकते. संशय दाट असेल तर हा निर्णय तज्ज्ञाचाच. रुग्णाने परस्पर गोळ्या सोडू नयेत.

आम्ल मोजायचे असेल तर रुग्ण रात्रभर उपाशी हवा. नाकातून घातलेल्या नळीचे टोक जठराच्या सर्वांत खोलगट भागात असावे. 100 मिली पाणी सोडून लगेच ओढून पाहा. 90 मिलीपेक्षा कमी परत आले तर नळीची जागा चुकली आहे. साचलेला रस आधी काढून टाका, मग 15-15 मिनिटांचे चार नमुने घ्या. लाळ गिळू देऊ नका, थुंकायला सांगा. तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल मारते. नमुना हिरवट-पिवळा आला तर पित्त मिसळले आहे, त्यावर भरवसा नको.

प्रत्येक नमुना सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 7 पर्यंत टायट्रेट करा, म्हणजे आम्ल मारायला किती अल्कली लागते ते मोजा. 5 मिली रसाला 0.1 नॉर्मल द्रावण 4 मिली लागले, तर लिटरला 80 मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाच्या प्रमाणाचे एकक) आम्ल. 50 मिलीच्या नमुन्यात 4. असे चारही नमुने आले तर तासाला 16. जठराची शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णात 15 च्या वरचा आकडा गॅस्ट्रिनोमाकडे बोट दाखवतो.

पीएच 2 किंवा कमी आणि गॅस्ट्रिन 1000 पिकोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर निदान जवळपास पक्के. आकडा अधलामधला असेल तर शिरेतून सिक्रेटिन (गॅस्ट्रिनोमाला गॅस्ट्रिन सोडायला लावणारे हार्मोन), वजनाच्या किलोमागे 0.4 मायक्रोग्रॅम, एका मिनिटात द्यावे. गॅस्ट्रिन मिलीमागे 120 पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त वाढले तर चाचणी सकारात्मक. अशा रुग्णाचे कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासा, कारण हा आजार आनुवंशिक असू शकतो आणि तेव्हा पॅराथायरॉइड ग्रंथीही बिघडलेल्या असू शकतात.

पीएच चढा आणि गॅस्ट्रिनही चढे, तर वाट वेगळी: बी12, पॅरायटल (आम्ल बनवणाऱ्या) पेशींविरुद्धची प्रतिपिंडे आणि जठराची बायोप्सी.