धंद्याचा कॅमेरा बाजूला ठेवून पुन्हा स्वतःसाठी फोटो कसे काढावेत

धंद्यातल्या फोटोग्राफरला फोटोंचा कंटाळा आला की मिळणारे सल्ले ठरलेले असतात. नवी लेन्स घ्या. लडाखला जाऊन या. महिनाभर कॅमेऱ्याला हात लावू नका. वर्षभर रोज एक फोटो टाकायचं चॅलेंज घ्या. नव्या लेन्सचे हप्ते फेडायला जास्तीची लग्नं घ्यावी लागतात. लडाखला गेलेला माणूस बाकीचे काढतात तेच तळं आणि तेच डोंगर काढून परत येतो. महिनाभर कॅमेरा कपाटात ठेवला तरी बाहेर काढणारा डोळा तोच असतो. आणि रोज एक फोटो टाकायचा म्हणजे आपण आधीच देत असलेल्या डिलिव्हरींमध्ये आणखी एकीची भर.

मी कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढते. या कामात डोळा दुसऱ्याच्या वतीने बघायला शिकतो. मामाकडचे सगळे स्टेजवर आले का, नवरीच्या मुंडावळ्या सरळ आहेत का, अंतरपाट खाली येताना दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये मिळतील का. असं बघता आलंच पाहिजे, पैसे त्याचेच मिळतात. पण वर्षानुवर्षं असंच बघत राहिलं की भाजी आणायला निघालेला डोळासुद्धा गिऱ्हाइकासाठी बघायला लागतो. त्याला काही वेळ मोकळं कसं सोडायचं, एवढंच इथे सांगते आहे.

कधी सुरू करायचं

चातुर्मासात. आषाढी एकादशीनंतर लग्नाची गडबड थांबते ती तुळशीच्या लग्नापर्यंत. भर सीझनमध्ये सुरू केलेलं टिकत नाही.

कॅमेरा

लहान, जुना चालेल, एकच फिक्स (झूम नसलेली) लेन्स. ३५ मिमी उत्तम, २८ किंवा ५० असेल तर तीही ठीक. कामाची बॉडी घेऊ नका. ती हातात आली की अंगठा आपोआप कामाची बटणं शोधायला लागतो. मोबाइलही नको, कारण त्याच मोबाइलवर "ताई, अल्बम कधी मिळणार?" हा फोन येतो.

सेटिंग

एकदाच करा आणि विसरून जा. फक्त जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारा फोटो. रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) ठेवलं की नंतर एडिट करायला वाव राहतो असं कोणीतरी सांगेलच. तो वावच आपल्याला नको आहे. रॉ काढलं की रात्री कॉम्प्युटरसमोर बसायचं आत्ताच कबूल केलं.

फोकस मॅन्युअल. आय-डिटेक्शन (डोळे ओळखून आपोआप फोकस करणं) चालू असलं की कॅमेरा आधी चेहरा शोधतो, आणि त्याच्या मागोमाग आपणही चेहराच शोधतो. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवला की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं शार्प येतं. रस्त्यावर माणसं याच अंतरात असतात. त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सर असेल तर २३ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस अडीच मीटरवर. मग दीड मीटरपासून जवळजवळ दहा मीटरपर्यंत काळजी नाही. शटर किमान १/२५०, आयएसओ ऑटो, कमाल ६४००. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसाला एवढं पुरतं.

रात्री दिव्याखाली मात्र शटर १/१०० वर आणा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि वेगवान शटरला फ्रेमवर पट्टे येतात. कार्यालयातल्या एलईडींनी हे तुम्हाला शिकवलंच असेल. अ‍ॅपर्चर एफ/४, फोकस दोन मीटरवर, आणि उरलेलं अंतर पायाने सांभाळा.

कुठे जायचं

घरापासून चालत जाता येईल तिथे. गाडी काढावी लागली तर ते आउटडोअर शूट झालं. न्यूयॉर्कचा सॉल लायटर फॅशन मासिकांसाठी काम करायचा, आणि स्वतःसाठी फोटो काढायचा ते बहुतेक राहत्या भागातल्या रस्त्यांवर: पाऊस, छत्र्या, बाष्प धरलेल्या काचा. ते रंगीत फोटो जगाला नीट माहीत झाले २००६ मध्ये पुस्तक निघाल्यावर. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. तोवर ते कोणी मागत नव्हतं, तरी तो काढत होता. आपल्याला कोल्हापुरात गंगावेस, भवानी मंडप, रंकाळ्याची कड आहे. तुमच्या गावातही असं काही असेलच.

काढलेला फोटो बघायचा नाही

खरी पायरी ही. मला हीच सगळ्यात जड गेली आणि ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, ते सगळे इथेच अडकले. बाकी पायऱ्या चुकल्या तरी चालतील, ही चुकली तर हातात फक्त एक लहान कॅमेरा आला असं समजा.

करायचं इतकंच: इमेज रिव्ह्यू, म्हणजे क्लिकनंतर फोटो स्क्रीनवर आपोआप दिसणं, बंद करा. स्क्रीन उलटी फिरवता येत असेल तर फिरवून ठेवा, येत नसेल तर त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावा. घरी आल्यावर कार्ड काढायचं नाही, कॉपी करायचं नाही, महिनाभर उघडायचं नाही. ३२ जीबीच्या कार्डावर जेपीईजी हजारोंनी मावतात, जागा संपण्याची भीती नाही.

हे हौशी माणसाला जेवढं सोपं तेवढं आपल्याला अवघड आहे, आणि त्याला कारण आहे. लग्नात मागे बघणं हे आपलं कर्तव्य असतं. हार एकदाच पडतो, अक्षता एकदाच उडतात. फ्लॅश लागला का, डोळे मिटले का, हायलाइट जळले का (उजळ भाग पांढरेफटक झाले का), हे त्याच सेकंदाला कळलं तरच पुढचा फोटो वाचतो. ही सवय आपण पोटासाठी लावून घेतली आहे आणि कामावर ती सोडायची नाही. पण स्वतःसाठी फोटो काढताना तीच सवय दर क्लिकनंतर परीक्षा घेते. बघितलं की डोळा लगेच चुका शोधतो, कारण त्याला तेच शिकवलंय. चूक सापडली की आपण पुन्हा काढतो, जरा बरा करून. तिसऱ्या प्रयत्नाला तो फोटो गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगा होतो आणि आपला राहत नाही.

टेप लावल्यावर काय होतं ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. पहिले काही दिवस मान आपोआप खाली जाते आणि काळ्या टेपकडे बघते. जाऊ द्या. मग त्रास सुरू होतो तो विम्याच्या फ्रेमचा: बघता येत नाही म्हणून आपण एकाच गोष्टीचे तीन-चार फोटो काढून ठेवतो, एखादा तरी नीट येईल म्हणून. हे ताबडतोब थांबवा. एका गोष्टीचा एकच फोटो. हलला तर हलला, त्याची वाट बघणारं कोणी नाही.

यापेक्षा चिवट अडचण पुढे येते आणि ती बाहेरून दिसत नाही. स्क्रीन बंद असते, पण आपण मनातल्या मनात फोटो बघायला लागतो. क्षितिज तिरकं आलं असेल, मागच्या वायरी आल्या असतील, अर्धं पाऊल डावीकडे सरकायला हवं होतं. कोणी सांगतं, अशा वेळी दीर्घ श्वास घ्या, मन रिकामं करा. असल्या सांगण्याने काही होत नाही. उपाय हा: क्लिक झाल्यावर कॅमेरा खाली घ्या आणि ज्याचा फोटो काढला तिकडे नुसतं बघत उभे राहा. धंद्यात आपण क्लिक झाला की पुढच्या गोष्टीकडे पळतो, समोरचं पूर्ण कधीच बघत नाही. इथे ते पूर्ण बघा. डोळ्याला समोर खरं काही मिळालं की तो मनातल्या स्क्रीनकडे वळत नाही.

दूध कट्ट्याचं उदाहरण देते. कोल्हापुरात संध्याकाळनंतर म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लासात दूध मिळतं. एका आजोबांनी नातवाला आणलं होतं. ग्लास पोराच्या तोंडापेक्षा मोठा, त्याने तो दोन्ही हातांनी धरलेला, फेस नाकापर्यंत आलेला. माझ्यातल्या लग्नवालीला लगेच तीन गोष्टी सुचल्या: मागची स्कूटर हलवा, पोराने वर बघावं, आजोबांनी हसावं. मी एकच फोटो काढला, कॅमेरा खाली घेतला आणि थांबले. पोराने ग्लास खाली घेतला तेव्हा वरच्या ओठावर फेसाची जाड रेघ होती. आजोबांनी ती स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसली आणि उरलेलं दूध स्वतः एका घोटात संपवलं. यातलं काहीच माझ्या कार्डावर नाही. पण त्या संध्याकाळी मी घरी गेले ती हे सगळं घेऊन. क्लिक करून पुढे सरकले असते तर यातलं काही मिळालं नसतं. म्हशीवाले मामा तेवढ्यात म्हणाले, "ताई, हिचा पण काढा की एक." काढला. एकच.

घरी आल्यावरचा धोका वेगळा. आपल्याला बॅकअपची सवय हाडात भिनलेली असते: दोन कार्डं, दोन हार्ड डिस्क, मग जेवण. कार्ड करप्ट झालं तर? झालं तर गेले. हे फोटो जाऊ शकतात हे मान्य असणं हा या पायरीचाच भाग आहे. "फक्त कॉपी करते, बघत नाही" हे स्वतःला सांगू नका. कॉपी होताना थंबनेल दिसतात, आणि एक थंबनेल दिसलं की पुढचे दोन तास गेलेच.

गॅरी विनोग्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने ही थांबण्याची पद्धत टोकाला नेली होती. फोटो काढतानाची भावना निवडीत मिसळू नये म्हणून तो काढलेले रोल वर्षभर किंवा अधिक काळ धुवायचाच नाही. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. एवढं कोणी करू नये. महिना पुरे.

फिल्म कॅमेरा घ्या म्हणजे आपोआप बघता येणार नाही, असंही सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे: धंद्यातल्या माणसाने या कामासाठी फिल्म घेऊ नये. रोलची किंमत, लॅबचा खर्च, स्कॅनिंग, आणि वर ३६ फ्रेमची मोजदाद. प्रत्येक फ्रेम पैशाची झाली की हात आखडतो आणि डोळा पुन्हा "याच्यावर खर्च करावा का" असं विचारायला लागतो. फिल्मची आवड असेल तर पुढे जरूर घ्या. आत्ता नको.

ही पायरी जमली हे ओळखायचं कसं? घरी आल्यावर आपण किती फोटो काढले ते आठवत नाही, पण काय काय बघितलं ते आठवतं. तिथपर्यंत पुढे जाऊ नका.

महिन्यानंतर

कार्ड थेट लॅबला द्या, ४ बाय ६, मॅट, कलर करेक्शन नको असं बजावून. प्रिंट जमिनीवर पसरा. सगळ्यात आधी जे बरोबर आलेले दिसतील, म्हणजे स्वच्छ पार्श्वभूमी, चेहऱ्यावर छान उजेड, सरळ क्षितिज, ते बाजूला काढा. ते कामाच्या डोळ्याने काढलेत. "हा मी का काढला?" असं ज्यांच्याबद्दल वाटेल ते ठेवा. सुरुवातीला असे थोडेच असतील. पुढच्या महिन्यात वाढतात. हललेला आहे म्हणून कुठलाही फोटो टाकून देऊ नका.

हे फोटो कुठे टाकू नका, निदान पहिलं वर्षभर. लाइक मोजायला लागलात की नवं गिऱ्हाईक आलंच. कोणी विकत मागितला तरी द्यायचा नाही. मात्र ज्यांचे काढले त्यांना प्रिंट जरूर द्या, फुकट द्या. मी म्हशीवाल्या मामांना त्यांचा दिला. त्यांनी दिव्याखाली धरून नीट बघितला आणि म्हणाले, "शिंग कापलं की ओ डावं." खरंच कापलं होतं. फोटो त्यांनी पाकिटात घातला आणि मला ग्लासभर दूध दिलं, पैसे घेतले नाहीत.

सीझन सुरू झाल्यावर

तुळशीचं लग्न झालं की फुरसत संपते. मग आठवड्यातून एखादी अर्ध्या तासाची फेरी पुरते. लहान कॅमेऱ्याची पिशवी आणि चार्जर वेगळे ठेवा, कामाच्या बॅगेत टाकू नका. तो लग्नाला न्यायचा नाही. "प्रत्येक लग्नात एक फोटो स्वतःसाठी काढा" हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण तो वेळ त्या घराचा आहे आणि तिथला प्रत्येक फोटोही त्यांचाच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तर कॅमेरा घेऊन बाहेर पडूच नका. पाय दुखत असतात, कानात मंगलाष्टका चालू असतात आणि डोळा अजून स्टेजवरच्या रांगा लावत असतो. तो दिवस झोपा, डेटा कॉपी करा, उरलेली कामं उरका. परवा सकाळी जा.