दुधी बोटाएवढी होऊन गळतेय? संध्याकाळी हे करून बघा

गच्चीवरच्या वेलाला बारकी दुधी धरते आणि पिवळी पडून गळते, आपण खत वाढवत बसतो पण बऱ्याचदा परागकणच पोचलेले नसतात. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, तेव्हा मधमाश्या फारशा फिरत नाहीत.

१. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडा, देठ लांब बारीक असतो. मादी फुलाखाली इवलीशी दुधी दिसतेच, ते वेलावरच राहू द्या.
२. नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा, पिवळी पावडर नीट सगळीकडे लागली पाहिजे.

एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं आरामात होतात. लाल भोपळ्याला मात्र हेच सकाळी लवकर करायचं. पावसात भिजलेलं नर फूल घेऊ नका, फुकट जातं.