हायड्रॉलिक क्लचमधली हवा काढताय? या चुका टाळा

मोटरसायकलच्या क्लचचा लिव्हर पोचट लागतो, इंजिन तापलं की न्यूट्रल सापडत नाही, क्लच पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकते. ही लक्षणं बहुधा फ्लुइडच्या लाइनमध्ये हवा शिरल्याची. फ्लुइड दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे हाताचा जोर बुडबुड्यांतच जिरतो आणि प्लेटा पुरत्या सुटत नाहीत.

सुरुवात करण्याआधी हँडलवरच्या फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक गाड्यांना डॉट 4 हे ब्रेक फ्लुइड लागतं, पण काहींच्या क्लचमध्ये मिनरल ऑइल असतं. एकाच्या जागी दुसरं ओतलंत तर आतली रबरं फुगतात आणि सगळी सिलं बदलायची वेळ येते. डॉट 5 आणि डॉट 5.1 यांत गल्लत नको: 5 सिलिकॉनचं आहे, 5.1 हे डॉट 4 च्याच जातीचं. वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका, डॉट 4 हवेतली ओल शोषतं. पेट्रोलच्या टाकीवर जाड फडकं टाका. थेंब सांडलाच तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

आता मूळ चूक. हवा वर जाते, आणि आपण ती खालच्या निपलमधून, म्हणजे इंजिनजवळच्या स्लेव्ह सिलिंडरवरच्या पोकळ स्क्रूमधून, काढायला बघतो. लिव्हर दाबून धरायचा, निपल सैल करायचा, फ्लुइड आलं की निपल आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा, हा क्रम बरोबरच आहे. लिव्हर आधी सुटला तर निपलमधून हवा परत आत ओढली जाते. भराभर पंप केलात तर मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक होतात. मध्येच टाकी रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. ही टाकी अगदी छोटी असते, दर चार-पाच दाबांनंतर बघा.

एवढं सांभाळूनही लिव्हर पोचट राहतो तो वरच्या टोकाच्या बुडबुड्यामुळे. फ्लुइडची नळी जिथे बँजो बोल्टने (आतून पोकळ बोल्टने) लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरला जोडलेली असते, तिथे तो अडकतो. एकदा मी अर्धी बाटली खालून काढली, तरी फरक पडेना. मग गाडी सरळ उभी केली, टाकी त्या बोल्टपेक्षा उंच राहील असं हँडल वळवलं, झाकण काढलं आणि लिव्हर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, अगदी हळू हलवत राहिलो. टाकीच्या तळाशी सुईएवढं भोक असतं. त्यातून एकेक बुडबुडा वर येताना डोळ्यांनी दिसला. लिव्हर जास्त दाबला की पिस्टनचं रबर ते भोक झाकतं, म्हणून हालचाल एवढीशीच हवी. मधूनमधून नळीला टिचक्या मारा. तरीही जमेना, तर सिरिंजने खालच्या निपलमधून फ्लुइड सावकाश वर ढकला. हवा आपल्या वाटेनेच निघते. फक्त वरची टाकी ओसंडणार नाही याकडे लक्ष ठेवा.

निपल पोकळ असतो. जोर लावून आवळलात तर आट्यांत तुटून बसतो. रिंग पाना वापरा.

टाकी काठोकाठ भरू नका. ब्रेकच्या पॅडा झिजल्या की फ्लुइडची पातळी उतरते. क्लचच्या प्लेटा झिजल्या की उलट चढते. जागाच उरली नाही तर दाब अडकतो आणि क्लच घसरू लागतो. स्लेव्ह सिलिंडर इंजिनवरून उतरवलेला असताना लिव्हरला हात लावू नका, पिस्टन बाहेर उडतो.

सगळं करूनही दाबून धरलेला क्लच हळूहळू सुटत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. स्लेव्हखाली ओल दिसली तर त्याचं. तिथे हवा काढत बसू नका, सीलचा किट आणा.