बोअरच्या पाण्याने राठ झालेले केस: साचलेले क्षार कसे उतरवायचे

शाम्पू तोच, तेल तेच. घर मात्र बदललं आणि चार-सहा महिन्यांत केस काथ्यासारखे झाले. नाशिकच्या नव्या वस्त्यांमध्ये ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि दोष बहुतेक वेळा शाम्पूवर जातो. तो आधी पाण्याला द्यावा. गंगापूर, मुकणे आणि दारणा धरणांतून येणारं महापालिकेचं पाणी हे साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये मुरत, रेंगाळत येतं आणि सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद या बाजूंच्या अनेक सोसायट्यांत स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी आणि बाथरूमला बोअरचं किंवा दोन्हीचं मिश्रण, अशी सोय असते. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले की पाणी कुठल्या विहिरीचं हेही कळत नाही.

केसांवरचे क्षार काढणं अवघड नाही. अवघड आहे ते केस तसेच स्वच्छ टिकवणं, कारण बहुतेक जण महागडा शाम्पू लावतात आणि शेवटचा तांब्या पुन्हा त्याच बोअरच्या पाण्याचा ओततात. म्हणून बाटली विकत घेण्याआधी तीन ते सहा लिटर मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याची सोय करा. बाकीचं काम त्यावरच उभं आहे.

थर आहे की नाही?

केस भिजायला वेळ लागतो, ओले असताना बोटं सरकत नाहीत, शाम्पूला फेस धरत नाही, वाळल्यावर टोकं कडक आणि निस्तेज दिसतात, तेल लावलं तरी ते वरच राहिल्यासारखं वाटतं. ही क्षारांची लक्षणं. मुळांपेक्षा टोकांना त्रास जास्त होतो. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि धन भाराचे कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथे चिकटतात. जुन्या, रंगवलेल्या, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग केलेल्या भागावर अशा जागा अधिक असतात.

खात्री करायची तर एकाच बटेवर प्रयोग करा. कानामागची बोटभर जाडीची बट घ्या, खाली दिलेल्या पद्धतीने फक्त तेवढीच धुवा, मऊ पाण्याने खळबळा आणि वाळू द्या. शेजारच्या बटेपेक्षा ती स्पष्ट मऊ लागली तर दोष पाण्याचा. फरक पडला नाही तर केस उष्णतेने किंवा रसायनांनी खराब झालेत आणि हा खटाटोप करून फारसं हाती लागणार नाही. केस मुळापासून गळत असतील तर तो वेगळाच प्रश्न आहे. त्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासावं, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

पाणी किती जड आहे?

तूरडाळ शिजता शिजत नसेल, गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरत असेल, तर अंदाज आलाच. आकडा हवा असेल तर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारा थेंबांचा ‘जीएच’ (एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजणारा) किट घ्या. नमुन्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. पाच मिलिलिटर नमुन्याच्या नेहमीच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, साधारण 17.8 मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे 17 थेंब लागले तर काठिण्य 300 च्या आसपास. भारतीय मानकानुसार (आयएस 10500) पिण्याच्या पाण्याची स्वीकारार्ह मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतही नमुना तपासून घेता येतो. अहवालात ‘एकूण काठिण्य’ ही ओळ बघा.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, त्यात मीठही आलं. टीडीएस 600 असूनही पाणी फारसं जड नसेल, असं होऊ शकतं.

काय लागेल

मऊ पाणी: खांद्यापर्यंतच्या केसांना तीन लिटर, कमरेपर्यंतच्यांना पाच-सहा. स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी असेल तर तेच भरून ठेवा. नसेल तर आरओचं चालेल. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन गेल्यावर पन्हळीचं पाणी गाळून घ्या, यापेक्षा मऊ पाणी शोधूनही मिळायचं नाही. यातलं काहीच नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, गार करा आणि तळाचा पांढरा साका न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. उकळल्याने फक्त बायकार्बोनेटचं, म्हणजे तात्पुरतं काठिण्य जातं. सल्फेट-क्लोराइडचं तसंच राहतं.

चिलेटिंग शाम्पू, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून सोडवणारा शाम्पू: ‘क्लॅरिफायिंग’ लिहिलेला प्रत्येक शाम्पू हे काम करत नाही. तो तेल आणि सिलिकॉन काढतो. घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए, डायसोडियम ईडीटीए, टेट्रासोडियम ग्लुटामेट डायॲसिटेट, फायटिक ॲसिड किंवा सोडियम ग्लुकोनेट यांपैकी काहीतरी असावं आणि तेही यादीत बऱ्यापैकी वर. साध्या शाम्पूतही शेवटी शेवटी डायसोडियम ईडीटीए दिसतं, पण ते शाम्पू टिकावा म्हणून चिमूटभर घातलेलं असतं.

सायट्रिक ॲसिड: वाण्याकडे लिंबूफूल किंवा लिंबूसत्त्व नावाने मिळतं. एक लिटर मऊ पाण्याला एक ग्रॅम, म्हणजे पाव चहाचा चमचा सपाट. त्याऐवजी गाळलेला लिंबाचा रस एक मोठा चमचा (15 मिली) घेतला तरी आम्लता साधारण तेवढीच येते.

शिवाय साधा शाम्पू, कंडिशनर आणि मोठ्या दातांचा कंगवा. द्रावण प्लास्टिकच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यातच करा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आम्ल घातलं की तांबं पाण्यात उतरतं आणि केसांना चिकटतं. घरात तांब्याचा बंब असेल तर त्यात लिंबू पिळायचा मोह टाळा.

पद्धत

1. आदल्या रात्री तेल लावू नका. तेलाच्या थराखाली चिलेटिंग घटक पोचत नाहीत. केस कोरडे असतानाच गुंता सोडवा.

2. कोमट पाण्याने पूर्ण भिजवा. राठ केस वरवर ओले दिसतात आणि आत कोरडे असतात, म्हणून दोन मिनिटं तरी पाणी ओता. हे नळाचं पाणी चालेल.

3. साध्या शाम्पूने एकदा धुऊन टाका. तेल, घाम, धूळ यावेळी जायला हवी.

4. केस पिळून जादा पाणी काढा. 8 ते 10 मिली चिलेटिंग शाम्पू 30-40 मिली मऊ पाण्यात मिसळा आणि केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा. टाळूला उरलासुरला फेस पुरे. बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ, सहसा तीन ते पाच मिनिटं, राहू द्या. बोटांनी खाली ओढत राहा, घासू नका. अर्धा तास ठेवल्याने जास्त निघत नाही, टाळू मात्र कोरडी पडते.

5. धुवा. पहिल्याच वेळी फेस धरला नसेल तर चौथी पायरी एकदा परत करा. दुसऱ्या खेपेला फेस नीट येणं ही थर उतरल्याची खूण आहे.

6. लिंबूफुलाचं पाणी डोळे मिटून, मान मागे करून लांबीवर ओता. एक-दोन मिनिटांनी अर्धा लिटर मऊ पाण्याने धुऊन टाका. चुरचुरलं तर लगेच धुवा. टाळूवर जखम, खरूज किंवा ताजं खाजवलेलं असेल तर ही पायरी सोडा.

7. कंडिशनर टोकांना भरपूर लावा, पाच मिनिटं ठेवा आणि कंगवा फिरवा. हे टाळू नका. क्षारांबरोबर केसांवरचं होतं नव्हतं ते सगळं निघालेलं असतं, आणि उघडा पडलेला केस लगेच गुंततो.

8. शेवटचे दोन लिटर मऊ पाण्याचे. बादलीतून तांब्याने, हळूहळू, टोकं निथळेपर्यंत.

सहावी पायरी बोअरच्या पाण्यात करून काही उपयोग झाला नाही, असं सांगणारे खूप भेटतात. जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकतात, त्यामुळे केसांपर्यंत पोचेस्तोवर द्रावणात जोर उरत नाही. म्हणून आम्ल वाढवत नेण्यापेक्षा पाणी बदला. आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्ट्या मिळाल्या तर द्रावणाचा पीएच 3 ते 4 दरम्यान ठेवा. लिंबाचा रस केसांत तसाच ठेवून उन्हात जाऊ नका. रस मानेवर, कपाळावर ओघळला आणि ऊन लागलं की त्वचेवर काळे चट्टे पडू शकतात.

किती दिवसांनी

काठिण्य 150 च्या आत असेल तर दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे. 300 च्या वर असेल तर तीन-चार आठवड्यांनी. दर आठवड्याला चिलेटिंग शाम्पू वापरणं म्हणजे केस कोरडे करून घेण्याचा रस्ता. चिलेटिंग शाम्पू मिळालाच नाही तर साधा शाम्पू आणि सहावी पायरी आठवड्यातून एकदा, सलग चार आठवडे करा. थर उतरेल, पण हळू आणि अर्धवट.

शिकेकाईवाल्यांसाठी: शिकेकाई जड पाण्यात साबणासारखा चिकट साका धरत नाही, हा तिचा मोठा गुण. अंगाचा साबण डोक्याला लावणाऱ्यांच्या केसांत कॅल्शियमचा साबण बसतो, तो पांढुरका आणि मेणचट असतो. त्यापेक्षा शिकेकाई केव्हाही बरी. पण साचलेले क्षार ओढून काढण्याची ताकद तिच्यात बेताचीच. दोन मोठे चमचे पूड अर्ध्या लिटर मऊ पाण्यात रात्रभर भिजवून, दहा मिनिटं उकळून, मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. न गाळता लावली तर केसांत पूड अडकते आणि लोक तिलाच क्षार समजतात.

जे करू नये

तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, काठिण्य जात नाही. खायच्या सोड्याने केस धुणं उलट्या दिशेचं आहे. सोडा अल्कलीधर्मी, त्याने केसाचे खवले उघडतात. धुण्याच्या सोड्याचा तर विचारही नको. आरओच्या सांडपाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते संडास-मोरीसाठी ठेवा, डोक्यावर घेऊ नका. ईडीटीएची पावडर सुटी आणून घरी शाम्पूत मिसळण्याचे प्रयोगही नकोत.

रंग, मेंदी आणि स्मूदनिंग

क्षारांच्या थरावर मेंदी किंवा रंग सारखा चढत नाही, टोकं एका छटेची आणि मुळं दुसऱ्या. म्हणून रंगाच्या तीन-चार दिवस आधी ही धुलाई करावी, नंतर केली तर नवा रंग फिकट होतो. लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी वर्षानुवर्षं लावत असाल तर केसांवर लोहही आहे. त्यावर ब्लीच करायचं ठरलं तर पार्लरमध्ये हे आधी सांगा आणि एका बटेवर चाचणी मागा. तांबं किंवा लोह असलेल्या केसावर हायड्रोजन पेरॉक्साइड लागलं की केस तापून तुटू शकतो. केराटिन किंवा स्मूदनिंग केलेल्यांनी चिलेटिंग शाम्पू टाळावा, त्याने त्या उपचाराचं आयुष्य कमी होतं. त्यांनी मऊ पाण्याच्या शेवटच्या बादलीवरच भागवावं.

बादलीला तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे, किंवा जुने लोखंडी पाइप गंजलेत. लोहाचा थर एका धुण्यात जात नाही, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावं लागतं.

पुन्हा साचू नये म्हणून

शॉवरला लावायचे छोटे फिल्टर बहुतेक करून क्लोरीन आणि गाळ काढतात, काठिण्यावर त्यांचा परिणाम नगण्य असतो. काठिण्य खरोखर कमी करतो तो रेझिनचा सॉफ्टनर. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि सोडियम सोडतो. म्हणून सॉफ्टनरनंतर टीडीएस उतरला नाही म्हणून भांडायला जाऊ नका, थेंबांच्या किटने जीएच मोजा. रेझिन भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन ताजं करावं लागतं. सोसायटीचा सॉफ्टनर गच्चीवर असूनही केस राठ असतील तर आधी विचारा, मीठ शेवटचं कधी घातलं होतं.