शानश्वेइ शिकायचंय? मग आधी कवितेला बसा

मी चीनमध्ये हांगझोउला दोन वर्षं चिनी शाईचित्रं शिकले, आता कुणी ना कुणी विचारत असतं की सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. शानश्वेइ म्हणजे डोंगर-पाणी, निसर्गचित्रच, पण ही चित्रं काढणारे पूर्वी बरेचसे शिकलेसवरलेले कवी, अधिकारी वगैरे असायचे.

सामानात पैसे घालायचेच तर कागदात घाला. या चित्रांसाठीचा चिनी कागद म्हणजे श्वेन कागद, तो दोन प्रकारचा, एक कच्चा, त्यावर शाई टेकली की पसरलीच, आणि दुसरा तुरटी-सरस लावलेला, त्यावर शाई जागच्या जागी राहते. दुसरा सोपा पडतो पण धुकं, ओली झाडं हे खरं खुलतं ते कच्च्यावरच, तेव्हा हात त्यावरच बसवा, पहिले शंभर कागद वाया जाणार हे धरून चाला. शाई बाटलीतली नको, कांडी दगडावर उगाळायची. आपण सहाणेवर चंदन उगाळतो ना अगदी तसंच, हलक्या हाताने, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढ्यात कविता मनात घोळवायची.

कविता का, तर माझंच सांगते. वांग वेई हा 8व्या शतकातला कवी, चित्रंही काढायचा. त्याची एक 20 अक्षरांची कविता सरांनी दिली: रिकामा डोंगर, माणूस दिसत नाही, बोलणं मात्र कानावर येतं, उतरतं ऊन परत रानात शिरून हिरव्या शेवाळावर पडतं. मी पाइनखाली दोन लाकूडतोडे काढले, छान जमलेत असंच वाटत होतं. सरांनी त्या दोघांवर तळवा ठेवला आणि विचारलं, "आता ऐकू येतंय का?" मला रडूच आलं कारण खरंच आता कुठे ऐकू यायला लागलं होतं. मग तीन आठवडे तेच चित्र, शेवटी एक पायवाट वळणावर धुक्यात सोडली, तिथे कागद कोराच ठेवला, बाकी काही नाही.

हांगझोउजवळच फूचुन नदी आहे, हुआंग गोंगवांग या चित्रकाराने म्हातारपणी तिथलेच डोंगर-पाणी एका लांब गुंडाळीवर रंगवले, तिच्यावर 1350 सालची त्याची नोंद आहे. पुढे 1650 मध्ये मालकाने मरताना ती जाळायला लावली, पुतण्याने आगीतून ओढून काढली पण दोन तुकडे झाले, छोटा हांगझोउच्या म्युझियममध्ये आणि मोठा तैपेइला. चांगली मोठी प्रिंट घ्या आणि डोंगराच्या उतारावरचे लांब, सुकत आलेले फटकारे बघा, उकललेल्या वाखासारखे दिसतात, ते कॉपी करा, महिनोन्‌महिने करा.

भाषेचं म्हणाल तर बोलण्यापुरतं चिनी येत असलं तरी जुनी कविता अडते, तेव्हा सोबत अक्षरलेखनही घ्याच, चित्रावर कविता त्याच ब्रशने लिहायची असते. वांग वेईने वांगछुआन खोऱ्यावर अशा चार-चार ओळींच्या 20 कविता लिहिल्यात, मी त्यातल्या एकेकीचं चित्र करतेय, आत्ता अकराव्या कवितेवर आहे.