प्लॅटफॉर्म गेममधले लपलेले संदर्भ कसे हुडकावेत

प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे ठोकळ्यांवरून उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम, पहिल्यांदा खेळताना सगळं लक्ष पुढच्या खड्ड्यावर असतं. म्हणून लपलेले संदर्भ, म्हणजे निर्मात्यांनी दुसऱ्या गेमकडे, माणसाकडे किंवा तारखेकडे गुपचूप केलेले इशारे, शोधायचे असतील तर गेम आधी सरळ खेळून संपवा. उड्या अंगवळणी पडल्या की डोळे आणि कान मोकळे होतात. दुसऱ्या फेरीला मी वही घेऊन बसते आणि प्रत्येक लेव्हलमध्ये एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट इथे नसती तर खेळाचं काही अडलं असतं का? अडलं नसतं, तर कुणीतरी ती मुद्दाम, हौसेनं ठेवली आहे. तिथे थांबायचं.

सराव करायचा असेल तर ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ (१९८८) घ्या. सुरुवातीलाच पडदा वर जातो. पुढे नीट बघा: रंगीत ठोकळे मागच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेले, त्यांची सावली आकाशावर पडलेली, काही फळ्या वरून टांगलेल्या आणि लेव्हल संपते तिथे काळोखी मोकळी जागा, रंगमंचाच्या विंगेसारखी. अख्खा गेम म्हणजे एक नाटक आहे, असा तर्क खेळाडू बरीच वर्षं लढवत होते. २०१५ साली एका व्हिडिओत मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतोंनी त्याला होकार दिला. पण हे नुसतं बघून सोडू नका, वापरून बघा. १-३ या लेव्हलमध्ये पांढऱ्या ठोकळ्यावर उभे राहा आणि खालचं बटण काही सेकंद दाबून धरा. मारिओ नेपथ्याच्या मागे उतरतो! तसंच उजवीकडे धावत सुटा, लेव्हलचा शेवट ओलांडा, म्हणजे मारिओचा सोबती टोड याच्या घरात एक शिट्टी मिळते.

ती वाजवा आणि कान द्या. हे माझ्या ताईनं मला शिकवलं. मी आवाज बंद करून खेळायचे आणि ती शेजारी बसून सूर ओळखायची. शिट्टीची ती लहानशी धून १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’तल्या बासरीची आहे. तिथेही बासरी वाजली की वावटळ येऊन नायकाला उचलून नेते, इथेही तसंच होतं. सूर जुळला, वावटळही जुळली. एकच साम्य योगायोगाचं असू शकतं. दोन-तीन तपशील एकदम जुळायला लागले की मी वहीत पक्की नोंद करते.

नंतर नावांकडे वळा. याच गेमच्या अमेरिकी आवृत्तीत खलनायक बाउझरच्या फौजेतल्या सात कासवांसारख्या कूपांची नावं आली, आणि त्यांत संगीताची मैफलच भरलीय: लुडविग म्हणजे बीथोव्हन, रॉय म्हणजे रॉय ऑर्बिसन, इगी म्हणजे इगी पॉप, लेमी म्हणजे मोटरहेड बँडचा लेमी, वेंडी ओ. म्हणजे वेंडी ओ. विल्यम्स. मॉर्टन मात्र टीव्हीवरच्या मॉर्टन डाउनी ज्युनियरवरून आला. श्रेयनामावलीही कधी स्किप करू नका. १९८६ चा ‘कॅसलव्हेनिया’ संपवलात की ‘व्रॅम स्टोकर’, ‘ख्रिस्तोफर बी’, ‘बेलो लुगोसी’, ‘बोरिस कार्लोफिस’ अशी नावं वर सरकत जातात: ब्रॅम स्टोकर, ख्रिस्तोफर ली, बेला लुगोसी, बोरिस कार्लोफ यांची मुद्दाम मोडतोड केलेली. भयपटांच्या जुन्या मंडळींना इतक्या प्रेमानं केलेला नमस्कार मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसला नाही.

आकडा दिसला की तो तारीख म्हणून वाचून बघा. ‘सॉनिक २’च्या ऑप्शन्समध्ये साउंड टेस्टला (गेममधले आवाज क्रमांकानं वाजवून बघायची जागा) १९, ६५, ०९, १७ हे आवाज ओळीनं वाजवले की लेव्हल निवडायची सोय उघडते. १७ सप्टेंबर १९६५ हा प्रोग्रॅमर युजी नाकांचा वाढदिवस. लेव्हल निवडायच्या त्या पडद्यावरच्या साउंड टेस्टमध्ये पुढे ०१, ०९, ०९, ०२, ०१, ०१, ०२, ०४ वाजवा. यांतले शेवटचे अंक जोडले की १९९२-११-२४, म्हणजे २४ नोव्हेंबर १९९२, अमेरिकेत गेम आला तो दिवस. या आकड्यांनी डीबग मोड, म्हणजे निर्मात्यांची गेम तपासायची सोय, सुरू होते.

काही संदर्भ मात्र कमवावे लागतात. ‘मेगा मॅन एक्स’ (१९९३) मध्ये चिलखताचे सगळे भाग, सगळी हृदयं, सगळ्या सब-टँक (जादा ऊर्जेच्या टाक्या) आणि सगळ्या बॉसची शस्त्रं जमवा. मग आर्मर्ड आर्माडिलोच्या स्टेजवर शेवटच्या गाडीवरून उडी मारून बॉसच्या दाराच्या वरची कडा पकडा. तिथे पुन्हा पुन्हा, पूर्ण ताकदीनिशी पोचलं की एक कॅप्सूल दिसते आणि आत नायकाला घडवणारे शास्त्रज्ञ डॉ. लाइट चक्क कराटेच्या पोशाखात उभे! ते ‘स्ट्रीट फायटर’मधला हादोकेन, हातांतून ऊर्जेचा गोळा फेकायचा डाव, शिकवतात. दोन्ही गेम कॅपकॉमचेच, त्यामुळे इथे शंकेला जागा नाही.

शंका घ्यायलाही शिका. ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) मधल्या किल्ल्यामागच्या अंगणात ताऱ्याच्या पुतळ्याखाली एक पुसट पाटी आहे. लोकांनी तिच्यात ‘एल इज रिअल २४०१’ वाचलं आणि ‘एल’ म्हणजे मारिओचा भाऊ लुइजी, तो कुठेतरी लपलाय म्हणून वर्षानुवर्षं शोध घेतला. तीच पाटी झेल्डा मालिकेतल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्येही आहे, जिथे लुइजीचा काही संबंध नाही. २०२० साली निन्टेन्डोच्या जुन्या फाइली बाहेर फुटल्या आणि त्यांत लुइजीच्या मॉडेलचे भाग सापडले, हे खरं. पण त्यानं पाटीवरचा मजकूर सिद्ध होत नाही. मी प्रत्येक नोंदीपुढे खूण करते: निर्मात्यानं सांगितलेलं, तपशिलांनी पटलेलं, किंवा नुसता अंदाज. ही पाटी माझ्या वहीत तिसऱ्या रकान्यातच आहे. दोन गेमची सालंही ताडून बघा, म्हणजे कुणी कुणाला सलाम केला ते उलटं लिहिलं जाणार नाही.

एवढं जमलं की ‘सुपर मारिओ ओडिसी’ (२०१७) मधल्या न्यू डाँक सिटीत जा. स्नॅपशॉट मोड चालू करा, कॅमेरा खाली आणा आणि टॅक्सींच्या नंबरप्लेटवरचा १९८१ वाचा; ‘डाँकी काँग’ त्याच वर्षी आला. मग रस्त्यांच्या पाट्या एकेक करून वहीत उतरवा आणि ‘डाँकी काँग’ मालिकेतल्या माकडांच्या काँग घराण्यातलं कोण कुठे आहे ते जुळवा. महापौर पॉलीनला भेटायला सगळ्यात शेवटी जा, कारण ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ जिला सोडवायला शिड्या चढत होता, ती हीच.